स्ट्रीट फायटर २ घरच्या टीव्हीवर: कुठली कॅसेट, कुठलं मशीन, कुठला पॅड

घरी खेळायला स्ट्रीट फायटर २ या मारामारीच्या व्हिडिओ गेमची कुठली कॅसेट चांगली, यावर खेळणाऱ्यांमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. एक जण टीव्हीला जोडायच्या सुपर निन्टेन्डो मशीनचं नाव घेतो, दुसरा सेगाच्या मेगा ड्राइव्ह मशीनशिवाय काही ऐकत नाही, तिसऱ्याच्या मते पार्लरच्या मशीनची सर कशालाच नाही. यातलं कुठलंही मत ऐकलं की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: आवृत्ती कुठली होती, टीव्हीवर चित्र ५० हर्ट्झचं होतं की ६० चं (म्हणजे सेकंदाला किती चित्रं), आणि हातात पॅड कुठला होता. याची उत्तरं मिळाली की अर्धा वाद तिथेच मिटतो. उरलेला अर्धा खरा आहे आणि त्यावर पुढे बोलूच.

आवृत्त्या

कॅपकॉमचं मूळ मशीन १९९१ चं. घरी आलेल्या मुख्य कॅसेट चार. (परदेशी लोक कार्ट्रिज म्हणतात, आपल्याकडे कॅसेट हाच शब्द रुळला.)

पहिली सुपर निन्टेन्डोची 'द वर्ल्ड वॉरियर', १९९२, १६ मेगाबिट, म्हणजे २ एमबी. हिच्या ६३ लाख प्रती खपल्याचं कॅपकॉम सांगतं, त्यामुळे जुन्या बाजारात सगळ्यात सहज मिळते ती हीच. यात आठच खेळाडू (पडद्यावर लढणारी पात्रं) निवडता येतात, चार बॉस, म्हणजे शेवटी लढावे लागणारे खलनायक, निवडता येत नाहीत. दोघांना एकच खेळाडू हवा असेल तर कॅपकॉमचं नाव पडद्यावर येताच खाली, आर, वर, एल, वाय, बी अशी बटणं भराभर दाबायची. आवाज आला की जमलं. पहिल्या प्रयत्नात सहसा जमत नाही, कारण वेळ फार थोडा मिळतो. रीसेट करून पुन्हा बघा.

दुसरी त्याच मशीनची 'टर्बो', १९९३, २० मेगाबिट. बॉस धरून बारा खेळाडू आणि वेग ठरवायला तारे. तिसरी मेगा ड्राइव्हची 'स्पेशल चॅम्पियन एडिशन', तीही १९९३ चीच, २४ मेगाबिट. चौथी 'सुपर', १९९४, सुपर निन्टेन्डोवर ३२ आणि मेगा ड्राइव्हवर ४० मेगाबिट. यात कॅमी, फेई लाँग, टी. हॉक आणि डी जे हे चार नवे खेळाडू आले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने टर्बो घ्यावी. वर्ल्ड वॉरियर ऐतिहासिक आहे, पण टर्बोची सवय झालेल्या हाताला ती जड वाटते. 'सुपर'मध्ये खेळाडू जास्त आणि चित्रं देखणी, पण पार्लरमध्येही तिचा वेग टर्बोपेक्षा कमी होता. लोकांनी नाराजी दाखवली आणि १९९४ मध्येच कॅपकॉमने वेग परत आणणारी पुढची आवृत्ती काढली. चारपाच मित्र मिळून खेळणार असाल तर मात्र मेगा ड्राइव्हची स्पेशल चॅम्पियन एडिशन बघा. तिच्यात गट पाडून लढायची सोय आहे, कागदावर नावं लिहीत बसावं लागत नाही.

जपानी कॅसेट घेताना एक गोंधळ होतो. तिथे बॉक्सरचं नाव एम. बायसन, मुखवटेवाल्याचं बालरॉग आणि शेवटच्या बॉसचं व्हेगा. बॉक्सर माइक टायसनसारखा दिसत असल्याने अमेरिकेत ही तिन्ही नावं फिरवली गेली. त्यामुळे 'व्हेगा फार ताकदवान आहे' असं कुणी म्हणालं तर कुठला व्हेगा, हे विचारणं भाग आहे.

५० आणि ६० हर्ट्झ

हा भाग आपल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा. या काळातले गेम घड्याळ बघत नाहीत, चित्रं मोजतात. एनटीएससी आणि पाल या टीव्हीच्या दोन पद्धती. जपान-अमेरिकेच्या एनटीएससी मशीनवर सेकंदाला ६० चित्रं, युरोपच्या पाल मशीनवर ५०. बनवणाऱ्याने फरक भरून काढला नसेल तर तोच गेम पालवर सुमारे १७ टक्के संथ चालतो आणि चित्राच्या वर-खाली जाड काळे पट्टे येतात. भारतातलं प्रक्षेपण पाल, म्हणून आपल्या जुन्या टीव्हीला युरोपचं मशीन चटकन जुळतं. पुष्कळ लोक तेच घेतात आणि मग 'हा गेम ढिम्म आहे' असं ठरवून मोकळे होतात. गेम ढिम्म नाही, मशीन ५० वर चाललंय.

म्हणून घ्यायचं तर जपानी किंवा अमेरिकी मशीन आणि त्याच बाजूची कॅसेट. जपानी सुपर फॅमिकॉम (सुपर निन्टेन्डोचंच जपानी नाव) आणि अमेरिकी सुपर निन्टेन्डो यांची लॉक चिप, म्हणजे परक्या भागातली कॅसेट अडवणारी चिप, एकच आहे, फक्त प्लास्टिकचा आकार वेगळा. जपानी कॅसेट अमेरिकी मशीनमध्ये अडते ती खाचेतल्या दोन छोट्या प्लास्टिकच्या खुंट्यांमुळे. युरोपच्या मशीनमध्ये जपानी कॅसेट आकाराने बसते, पण लॉक चिप तिला चालू देत नाही. 'बसली म्हणजे चालणार' हे इथे खरं नाही.

एनटीएससी मशीन जुन्या टीव्हीला जोडल्यावर चित्र काळं-पांढरं आलं तर मशीन बिघडलेलं नसतं. टीव्हीला एनटीएससीचे रंग ओळखता येत नसतात. मेनूमध्ये कलर सिस्टीम 'ऑटो' किंवा 'एनटीएससी' करून बघा. अँटेनाच्या भोकातून जोडू नका, जपानी चॅनेल आपल्या टीव्हीवर धड लागत नाही. पिवळी-पांढरी-लाल पिन असलेली एव्ही वायर वापरा.

सपाट टीव्हीवर दुसरी अडचण येते, उशिराची. एका चित्राला १६.७ मिलिसेकंद लागतात. टीव्हीने चित्र सुधारण्यात चारपाच चित्रांइतका वेळ खाल्ला, तर समोरचा उडी मारताना दिसतो तोवर तो तुमच्या डोक्यावर आलेला असतो. टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा आणि चित्र गुळगुळीत करणाऱ्या बाकीच्या सगळ्या सोयी बंद करा. डब्बा टीव्ही मिळत असेल तर तोच उत्तम.

वीज: इथे चूक महागात पडते

जपानचे अडॅप्टर १०० व्होल्टचे, अमेरिकेचे १२० चे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावले की जळतात. एक तर व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाही तर इथलाच योग्य अडॅप्टर वापरा. सुपर फॅमिकॉम आणि पहिल्या मॉडेलचा मेगा ड्राइव्ह यांना ९ ते १० व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मध्यभागी मायनस. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरमध्ये मध्यभागी प्लस असतो, म्हणून त्यावर छापलेली गोल खूण बघितल्याशिवाय लावू नका. क्षमता किमान १ अँपिअर, पहिल्या मेगा ड्राइव्हला थोडी जास्तच ठेवा. दुसऱ्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हची पिन लहान आणि मध्यभागी प्लस, म्हणजे बरोब्बर उलट. अमेरिकी सुपर निन्टेन्डोची पिन तर निराळीच आहे, तिचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

सर्वांत धोकादायक अडॅप्टर युरोपच्या सुपर निन्टेन्डोचा. त्यातून ९ व्होल्ट एसी येतं, डीसी नाही, आणि त्याची पिन सुपर फॅमिकॉममध्ये आरामात बसते. चुकीचा अडॅप्टर लावल्यावर सुपर फॅमिकॉमचा दिवा लागेनासा झाला तर सगळं संपलं असं समजू नका. आत १.५ अँपिअरचा छोटा फ्यूज असतो आणि बहुतेक वेळा तोच गेलेला असतो.

कॅसेट तपासणं

स्ट्रीट फायटरच्या या कॅसेटमध्ये गेम सेव्ह होत नाही, त्यामुळे आत बॅटरी नाही आणि ती मेल्याची भीतीही नाही. विकणारा 'नवीन बॅटरी टाकली आहे' असं सांगू लागला तर तिथेच सावध व्हा. सुपर निन्टेन्डोची कॅसेट ३.८ मिलिमीटरच्या खास स्क्रूड्रायव्हर बिटने उघडते. आतल्या हिरव्या पट्टीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं हवं. काळ्या डांबरासारखा थेंब किंवा सरळ रांगेत न बसलेल्या बारीक चिपा दिसल्या तर ती नक्कल.

चित्र आलं नाही की फुंकर मारायची आपल्याकडची जुनी सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने संपर्काचे पट्टे गंजतात. ९० टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पट्टे लांबीच्या दिशेने पुसा. काडी काळी यायची थांबेपर्यंत काड्या बदला आणि पाच मिनिटं वाळू द्या.

पॅड, म्हणजे खरा वाद

खेळात सहा बटणं: लाइट, मीडियम, हेवी असे तीन पंच, तशाच तीन किक. सुपर निन्टेन्डोच्या पॅडवर समोर चारच बटणं, म्हणून हेवी पंच एलवर आणि हेवी किक आरवर जाते, बोटांच्या टोकाशी. मेगा ड्राइव्हच्या सहा बटणी पॅडवर वरच्या ओळीत तीन पंच, खाली तीन किक, पार्लरसारखंच. मात्र मेगा ड्राइव्हच्या जुन्या तीन बटणी पॅडवर स्टार्ट दाबून पंच-किक बदलावे लागतात. त्यावर हा खेळ खेळू नये, एवढंच सांगणं आहे. २०१९ च्या छोट्या मेगा ड्राइव्ह मिनीसोबत जपानबाहेर तीन बटणी पॅडच येतो, तेव्हा सहा बटणी वेगळा घ्या.

पॅडची कसोटी घ्यायला खेळातला भारतीय योगी, आपला धालसिम उत्तम. टर्बोमध्ये त्याला गायब होऊन दुसरीकडे प्रकट व्हायची चाल मिळाली: पुढे, खाली, तिरकं पुढे, आणि तिन्ही पंच एकदम. मेगा ड्राइव्हवर उजवा अंगठा आडवा टेकवला की एक्स, वाय, झेड एकत्र दाबले जातात. सुपर निन्टेन्डोवर अंगठ्याखाली वाय आणि एक्स, त्याच क्षणी डाव्या तर्जनीने एल, आणि तोच डावा हात दिशाही फिरवत असतो. एक बटण क्षणभर मागे राहिलं की धालसिम गायब होत नाही, लांब हात काढून उभा राहतो आणि मार खातो. पैलवान झंगीफच्या गोल फिरण्यालाही तीन पंच लागतात, तिथेही हेच. धालसिम किंवा झंगीफ खेळणाऱ्याला मेगा ड्राइव्ह आवडतो तो यामुळे. रियू आणि गाईलवाल्यांना हा त्रास जाणवत नाही, म्हणून ते सुपर निन्टेन्डोचा आवाज ऐकतात आणि तिकडे मत देतात. आवाजाबाबत त्यांचं बरोबर आहे. मेगा ड्राइव्हवर बोललेले शब्द घसा बसल्यासारखे येतात, कारण रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला त्याच्या ध्वनी चिपमध्ये एकच वाट आहे. सुपर निन्टेन्डोकडे अशा आठ आहेत.

हात बसवणं

या कॅसेटमध्ये सरावाची वेगळी सोय नाही. दोन खेळाडूंचा सामना लावा आणि दुसरा पॅड तसाच पडू द्या. रियू घेऊन दहा हाडोकेन (हातातून फेकायचा गोळा) उजवीकडे तोंड करून टाका, दहा डावीकडे: खाली, तिरकं पुढे, पुढे, पंच. एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला चार निघाले तर दुसरा पॅड लावून पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला तर हात कच्चा, सुधारला तर पॅडचं रबर झिजलंय. सुपर निन्टेन्डोचा पॅड मागच्या पाच स्क्रूंनी उघडतो. काळे संपर्क अल्कोहोलने हलके पुसा, खरवडू नका.

चुकीची चाल निघाली की काय चुकलं तेही तीच सांगते. बसून पंच निघाला तर बटण लवकर दाबलं गेलं, दिशा अजून 'पुढे'पर्यंत पोचलीच नव्हती. हाडोकेनच्या जागी शोर्युकेन (उडी घेत वर मारलेला पंच) निघाला तर तुम्ही पुढे चालत होता. मशीनने पुढे, खाली, तिरकं असं वाचलं. आधी क्षणभर अंगठा सोडा, मग चाल करा. उलट शोर्युकेनऐवजी हाडोकेन निघाला तर अंगठा तिरक्यावर न थांबता पुढेपर्यंत घसरला.

गाईलसाठी मागे-खाली कोपऱ्यात साधारण एक सेकंद धरून ठेवा. तिथून सोनिक बूमही निघतो आणि वरची किकही. बूम निघत नसेल तर बहुधा अंगठा मध्येच सुटलेला असतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: या खेळात खास चालीसाठी बटण सोडणंही दाबल्यासारखंच धरलं जातं. हेवी पंच दाबून धरलेला असेल आणि दिशा पूर्ण झाल्यावर सोडला, तरी हाडोकेन निघतो. नको तेव्हा चाल निघत असेल तर कारण बहुतेक हेच.

झंगीफची पकडून आपटायची चाल पूर्ण गोल फिरवून होते आणि उभ्याने केली की तो उडीच मारतो, कारण गोलात 'वर' येतं. आधी उडी मारा, खाली येताना गोल फिरवा, पाय टेकताच पंच.

खेळायला बसण्याआधी

हलका मार अडवायला लावून लगेच पकडून फेकणं चालेल की नाही, हे दोघांनी आधीच ठरवा. जपानमध्ये पुष्कळांना ते आवडत नसे, आणि घरोघरी सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. आमच्या मते चालू द्यावं, कारण त्यावर उत्तर आहे: मार अडवून संपताच शोर्युकेन मारा किंवा तुम्हीच आधी पकडा. नवखा समोर असेल तर नियम बदलू नका, हँडिकॅपचे तारे त्याच्या बाजूने वाढवा आणि टर्बोचा वेग सगळ्यात खाली ठेवून पहिले वीस डाव खेळा.