पदवीनंतर मुलांचा आरोग्य विमा तुटू नये म्हणून

शेवटचं सेमिस्टर संपलं की घरात एकच विषय असतो : नोकरी पुण्यात की नाशिकमध्येच सातपूर-अंबडला? विम्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. माझ्या लेकीला लहानपणापासून दमा आहे, नाशिकची थंडी तिला बाधते, म्हणून मी वेळेत कागद काढून बसले.

तुम्हीही आधी पॉलिसी काढा आणि 'अवलंबित मूल' कोणाला म्हटलंय ते वाचा. बहुतेक फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी) मर्यादा २५ वर्षांची असते; काहींत नोकरी लागताच किंवा लग्न होताच नाव निघतं. विमा आई-वडिलांच्या कंपनीचा असेल तर एचआरला ईमेल करून तारीख लेखी मागा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तारीख कळली की नूतनीकरणाच्या दोन महिने आधी हालचाल करा. त्याच विमा कंपनीत मुलाच्या नावे स्वतंत्र पॉलिसी मागा, याला मायग्रेशन म्हणतात. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या ग्रुप विम्यातूनही ते करता येतं. दुसरी कंपनी हवी असेल तर पोर्टेबिलिटीचा अर्ज किमान ४५ दिवस आधी द्या.

एवढी घाई का? कोरी पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, यालाच प्रतीक्षा काळ म्हणतात. मायग्रेशन किंवा पोर्टिंग केलं तर आजवर भरलेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता धरला जातो. वाढवलेल्या रकमेला मात्र तो नव्याने लागू होतो. दम्यासारखा आजार असलेल्या मुलासाठी ही वर्षं हप्त्यातल्या सवलतीपेक्षा मोलाची आहेत.

अर्जाला जुन्या पॉलिसी, जन्मतारखेचा पुरावा आणि क्लेमचा तपशील जोडा. आजार लपवू नका, एजंट 'लिहू नका' म्हणाला तरी. मूल पुण्याला जाणार असेल तर कॅशलेस रुग्णालयं दोन्ही शहरांत आहेत का तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे कोटेशनमध्ये तो दिसला तर विचारा.

नोकरीत पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजना) येत असेल तर त्याचं संरक्षण मिळतं. कंपनीचा ग्रुप विमाही मिळेल. पण नोकरी सुटली की तो सहसा थांबतो, म्हणून मुलाची स्वतःची पॉलिसी बंद करू नका.