साहित्यातून प्रगत स्पॅनिश: परिच्छेद मराठीत आणा आणि परत स्पॅनिशमध्ये न्या

हा लेख स्पॅनिशची बी-२ पातळी, म्हणजे युरोपीय मोजमापातली वरची मध्यम पातळी, ओलांडलेल्यांसाठी आहे. क्रियापदांची रूपे तुम्हाला पाठ आहेत, वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचता येते, समोरच्याचे बोलणे बहुतेक समजते, पण स्वतः लिहिलेला परिच्छेद मात्र काही केल्या स्पॅनिश वाटत नाही, असे मी धरून चालते. या टप्प्यावर प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: भरपूर वाचा, भाषा आपोआप येईल. हा सल्ला मी दोन वर्षे मनापासून पाळला. वाचनाचा वेग वाढला, शब्दसंग्रह वाढला, आणि लेखन होते तिथेच राहिले. कारण साधे आहे. वाचताना आपल्याला संदर्भावरून अर्थ लागतो, त्यामुळे क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर डोळा थांबतच नाही. आणि प्रगत स्पॅनिशचे मर्म नेमके त्या शेवटच्या अक्षरात असते.

आधी पुस्तकाची निवड. सेर्बान्तेस यांच्या ‘दोन किखोते’ या कादंबरीने सुरुवात करू नका. त्याचे दोन भाग 1605 आणि 1615 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातला नायक ऐन भरात येतो तेव्हा त्याच्या काळातही जुनी झालेली भाषा बोलतो. ‘एर्मोसा’ऐवजी ‘फेर्मोसा’ म्हणतो. आजचे स्पॅनिश घडवण्यासाठी हे पुस्तक नव्हे. फारच ओढ असेल तर आंद्रेस त्रापिएयो यांनी 2015 साली केलेले आधुनिक स्पॅनिशमधले रूप वाचा आणि मूळ ग्रंथ दोन वर्षांनी हातात घ्या. सुरुवातीला लघुकथा हव्यात. आना मारिया मातूते यांचा ‘इस्तोरिआस दे ला आर्तामिला’ हा 1961 चा संग्रह मी नेहमी सुचवते, कारण त्यातल्या कथा मोजक्या पानांच्या आहेत आणि वाक्ये स्वच्छ आहेत. पैसे खर्च करायचे नसतील, तर आलिकान्ते विद्यापीठातून चालणाऱ्या मिगेल दे सेर्बान्तेस आभासी ग्रंथालयात एमिलिया पार्दो बासान यांच्या कथा विनामूल्य वाचता येतात. त्यांची भाषा एकोणिसाव्या शतकातली असली, तरी वाक्याची बांधणी शिकायला उत्तम आहे. पहिली कादंबरी म्हणून कार्मेन लाफोरेत यांची ‘नादा’ घ्या. ती 1945 साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या हस्तलिखिताला नादाल हे स्पेनमधले कादंबरीचे पारितोषिक, तेही पहिलेच, मिळाले होते. डाव्या पानावर स्पॅनिश आणि उजव्या पानावर इंग्रजी अशी द्विभाषिक आवृत्ती मात्र घेऊ नका. त्याचे कारण पुढे येईल.

पहिले वाचन शब्दकोशाशिवाय करा. दुसऱ्या वाचनात फक्त ज्या शब्दावर वाक्य उभे आहे तेवढेच शब्द शोधा, तेही स्पॅनिश राजअकादमीच्या स्पॅनिश-स्पॅनिश कोशात, जो संगणकावर फुकट उपलब्ध आहे.

आता खरे काम. साताठ ओळींचा एक परिच्छेद निवडा आणि तो मराठीत लिहून काढा. मूळ पुस्तक चार दिवस बाजूला ठेवा. चार दिवसांनी फक्त आपले मराठी समोर घेऊन तो परिच्छेद पुन्हा स्पॅनिशमध्ये लिहा आणि मग मूळ मजकुराशी क्रियापदागणिक ताडून पाहा. शब्द वेगळा आला तर चालेल. काळ वेगळा आला तर तिथे थांबा, कारण तुमची चूक तिथेच राहते. स्पॅनिशमध्ये घडलेली गोष्ट सांगायला दोन भूतकाळ आहेत: घडून गेलेली गोष्ट एकसंध मांडणारा साधा भूतकाळ, आणि चालू असलेली, नेहमीची किंवा पार्श्वभूमीची स्थिती दाखवणारा इम्पेर्फेक्तो. नियम सगळ्यांना येतो. तो लिहिताना हातातून उतरत नाही.

हे मराठीत करा, इंग्रजीत नको. पुण्यामुंबईच्या वर्गांत आपण स्पॅनिश शिकतो ते बहुधा इंग्रजी पुस्तकांतून, आणि हा फरक दाखवायला इंग्रजी फार अपुरी आहे. ‘राहिला’, ‘राहत होता’ आणि ‘राहत असे’ या तिन्हींसाठी तिथे पुष्कळदा एकच रूप येते. मराठीत मात्र साधा, अपूर्ण आणि रीती असे तीन वेगळे भूतकाळ तयार आहेत, आणि त्यातले शेवटचे दोन मिळून जवळजवळ इम्पेर्फेक्तो होतो. ‘साबिआ’ म्हणजे ‘मला माहीत होते’, ‘सुपे’ म्हणजे ‘मला कळले’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही जोडी अपवाद म्हणून पाठ करावी लागते, आपल्याला ती जन्मापासून येते. ‘नो किसो बेनिर’ म्हणजे नुसते ‘त्याला यायचे नव्हते’ असे नव्हे; ‘तो यायला तयार झाला नाही’ असा त्याचा अर्थ. एवढी जवळची भाषा हाताशी असताना तिसऱ्या भाषेतून वळसा घालणे मला पटत नाही.

‘नादा’चे पहिलेच वाक्य घ्या. निवेदिका सांगते की ऐन वेळी तिकिटे मिळण्यात अडचणी आल्यामुळे ती मध्यरात्री बार्सिलोनाला पोहोचली, आधी कळवले होते त्यापेक्षा वेगळ्या गाडीने, आणि तिची कोणी वाट पाहत नव्हते. पोहोचण्यासाठी ‘येगे’ हे साध्या भूतकाळाचे रूप आहे, आणि वाट पाहण्यासाठी ‘एस्पेराबा’ हे इम्पेर्फेक्तोचे. तिथे ‘एस्पेरो’ लिहिले तर व्याकरण चुकत नाही, पण अर्थ पालटतो: माझ्यासाठी कोणी थांबले नाही, म्हणजे आपण तक्रार करतो आहोत. ‘एस्पेराबा’मध्ये ती मुलगी गाडीतून उतरून रिकाम्या फलाटाकडे पाहते आणि आपणही तिच्या डोळ्यांनी पाहतो. हा परिच्छेद पहिल्यांदा केला तेव्हा मी मराठीत लिहिले होते, ‘मला घ्यायला कोणी आले नव्हते’. मराठी म्हणून ते सुरेख आहे. परत जाताना मात्र मी त्यावरून पूर्ण भूतकाळ लिहिला आणि मूळ वाक्यापासून दोन पावले दूर गेले. म्हणून इथले मराठी कानाला गोड लागले नाही तरी चालेल, पण त्यात प्रत्येक क्रियापदाचा काळ जागच्या जागी राहिला पाहिजे.

मात्र मराठी दोन ठिकाणी दगा देते, आणि मी दोन्ही ठिकाणी फसले आहे. पहिले ठिकाण मोजलेल्या काळाचे. ‘मी सात वर्षे नागपुरात राहत होते’ हे आपण सहज म्हणतो. ‘राहत होते’ दिसले की हात इम्पेर्फेक्तोकडे जातो आणि ‘बिबिआ सिएते आन्योस’ असे लिहिले जाते. ते चूक आहे. काळ मोजून संपवलेला असला की तो कितीही लांब असो, साधा भूतकाळच येतो: ‘बिबि सिएते आन्योस’. ‘लांबलेली क्रिया म्हणजे इम्पेर्फेक्तो’ हे सूत्र मला एका वर्गात शिकवले गेले, आणि आजही अनेकांच्या वह्यांत ते मला दिसते. ते खोडून टाका. क्रिया किती लांबली याला महत्त्व नाही. निवेदक तिच्या आत उभा आहे की तिच्या पलीकडे, याला आहे. आजीच्या घरावर लिहिलेल्या माझ्या एका निबंधात तपासणाऱ्या बाईंनी शेरा एकही दिला नव्हता, फक्त अकरा क्रियापदांखाली रेघ ओढली होती. अकराही ठिकाणी मोजलेला काळ होता आणि मी इम्पेर्फेक्तो घातला होता.

दुसरे ठिकाण सांगितलेल्या गोष्टीचे. खुआन रुल्फो यांच्या 1955 सालच्या ‘पेद्रो पारामो’ या कादंबरीच्या पहिल्या वाक्यात निवेदक म्हणतो की तो कोमालाला आला, कारण त्याला सांगण्यात आले होते की त्याचा बाप इथे राहतो. आपण ‘राहतो’ असेच म्हणणार, कारण मराठीत दुसऱ्याचे बोलणे ज्या काळात बोलले गेले त्याच काळात ठेवायची पद्धत आहे. रुल्फोंनी लिहिले आहे ‘बिबिआ’. मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की आतला वर्तमानकाळ इम्पेर्फेक्तो होतो, आणि कथनात हे पानोपानी लागते. मराठीतून परत येणाऱ्याच्या हातून इथे ‘बिबे’ हमखास पडते. यावर एकच उपाय मला लागू पडला: मराठी लिहिताना अशा प्रत्येक ‘की’भोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि परत जाताना त्या गोलापाशी थांबून मुख्य क्रियापदाचा काळ पाहायचा. तीन-चार महिन्यांत गोल करण्याची गरज उरली नाही.

याउलट ‘-णार होते’ हे रूप निर्धास्त वापरा. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची 1981 ची लघुकादंबरी, जिच्या नावातच मृत्यूची घोषणा आहे, सुरू होते ती नायकाला ज्या दिवशी मारणार होते त्या दिवशी तो पहाटे साडेपाचला उठला या वाक्याने. ‘इबान आ मातार’ म्हणजे अक्षरशः ‘मारणार होते’, आणि ‘से लेबान्तो’ म्हणजे ‘उठला’. पार्श्वभूमी एका काळात, घटना दुसऱ्या काळात, आणि मराठीत दोन्ही जशीच्या तशी उतरतात. हे वाक्य मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी देते.

संकेतार्थी, म्हणजे स्पॅनिशमधल्या ‘सुबखुन्तिबो’ रूपांना लोक फार घाबरतात. माझ्या मते वाचनात ती सोपी जातात, कारण ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ यातले ‘यावे’ आपल्याकडे आहेच. ‘कोमो सी’ म्हणजे ‘जणू’ आले की पुढे संकेतार्थी भूतकाळच घ्यायचा, एवढे लक्षात ठेवा. जुन्या गद्यात ‘-रा’ने संपणारे रूप कधीकधी पूर्ण भूतकाळाच्या अर्थाने भेटेल, ते ओळखा, स्वतः लिहू नका.

परत लिहिलेला परिच्छेद एकदा मोठ्याने वाचा.

आठवड्याला दोन परिच्छेद पुरेत. तीन केले तर ताडून पाहायला वेळ उरत नाही, आणि ताडून न पाहिलेला परिच्छेद केला नाही असेच समजा. मातूते यांच्या चार-पाच कथांनंतर ‘नादा’चे पहिले प्रकरण, त्यानंतर रुल्फो. त्यांची वाक्ये आखूड आहेत म्हणून त्यांना आधी घेण्याचा मोह होतो, पण त्यांची माणसे मेक्सिकोच्या खेड्यातले बोलतात आणि अर्धे मनातच ठेवतात. अशा गद्यात काळ चुकला तर कोण जिवंत आहे आणि कोण मेलेला आहे, हेही कळत नाही.

वहीच्या डाव्या पानावर मराठी लिहा, उजव्या पानावर परत आणलेले स्पॅनिश, आणि चुकलेली क्रियापदे लाल शाईने समासात. महिनाअखेरीस फक्त समास वाचा. माझ्या पहिल्या वहीच्या समासात सर्वांत जास्त वेळा ‘बिबिआ’ हाच शब्द होता. तुमचा कोणता आहे ते पाहा आणि पुढच्या महिन्याचे परिच्छेद तो शब्द जिथे येतो तिथूनच निवडा.