डोमेनचं नाव आधी फोनवर सांगून बघा

वेबसाइटच्या कामात मी पहिलं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेतलं ते माझ्या मावशीसाठी. नौपाड्यात तिचा भाजणी, मेतकूट, गोडा मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. तिला 'भाजणीघर' हे नाव आवडलं, डॉट कॉम मोकळं दिसलं आणि मी दहा मिनिटांत पैसे भरले. आठवड्याभरात गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, "ताई, तुमची साइट उघडतच नाही." बसून बघितलं तेव्हा कळलं की भाजणीतल्या 'जे'नंतर मी 'ए' घातला होता, निम्मे लोक घालत नव्हते.

मराठी नावाची खरी मेख इथेच आहे. रोमन लिपीत आपल्या शब्दांचं एकच एक स्पेलिंग नसतं. 'ळ' आणि 'ल' दोघांनाही एकच 'एल', 'ण' आणि 'न' दोघांनाही 'एन'. 'श्री' तीन तऱ्हांनी लिहितात. दिवाळीतल्या 'व'ला कुणी 'व्ही' लावतं, कुणी 'डब्ल्यू'. दुकानाच्या पाटीवर हे चालून जातं, पण डोमेनमध्ये एक अक्षर हललं की माणूस दुसऱ्याच दारात उभा राहतो.

तेव्हापासून मी नाव कानावर तपासतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसलो की पाच ओळखीच्यांना फोन लावायचा, नाव एकदाच सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि त्यांनी काय टाइप केलं ते व्हॉट्सअॅपवर मागवायचं. पाचांत एक तरी साठीच्या पुढचा हवा. गाडीतला गोंगाट असू द्यावा, गिऱ्हाईकही बाजारातूनच ऐकणार असतं. चौघांनी बरोबर लिहिलं तर नाव ठेवतो. दोन स्पेलिंगं सारखीच येत असतील तर दोन्ही नावं घेतो आणि एकावर आलेला माणूस आपोआप दुसऱ्यावर पोचेल असं करतो. मावशीचं तसंच केलं. मध्ये आडवी रेघ असलेलं नाव मी सुचवत नाही, कारण फोनवर ती रेघ हमखास गळते.

नाव आवडलं तरी ते दुसऱ्याचं नाही ना, हे आधी बघा. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. तिथे मालाचे वर्ग असतात, पीठ-मसाले 30 क्रमांकाच्या वर्गात येतात. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी' ही इंटरनेट कंपनी आणि एक 'एफ' जास्तीचा असलेलं 'सिफ्फी' यांच्या वादात डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं असा निकाल दिला. एका अक्षराचा फरक ढाल म्हणून पुरत नाही, हे नवख्यांनी नीट लक्षात ठेवावं.

डॉट कॉम की डॉट इन? गिऱ्हाईक ठाणे-डोंबिवलीचं असेल तर डॉट इन छान चालतं. ते 2005 पासून सर्वांसाठी खुलं आहे. फक्त त्याच नावाच्या डॉट कॉमवर आपल्याच धंद्यातलं कुणी बसलेलं असेल तर नाव सोडून द्या, कारण लोकांची बोटं सवयीने तिकडेच जातात. 2014 पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं आणि तिथे रोमन स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही. मला ते मनापासून आवडतं, पण त्यावरचा ईमेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही, म्हणून जोडीचं नाव म्हणूनच घ्यायला सांगतो.

किमतीत पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे बघू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा आकडा बघा.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदारांचं डोमेन आधीच्या डिझायनरने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. मुदत संपली, आठवणीची पत्रं त्या डिझायनरकडे गेली आणि त्याचा नंबर बंद. साइट गेलीच, पण त्याच डोमेनवरच्या ईमेलला येणारी ड्रॉइंग्ज आणि ऑर्डरीही थांबल्या. डॉट कॉमची मुदत टळली तरी नाव लगेच जात नाही. काही दिवसांची वाढीव मुदत असते, मग 30 दिवस जास्तीचे पैसे भरून ते सोडवता येतं, आणि त्यानंतर 5 दिवसांनी कुणालाही मोकळं होतं. पण हे सगळं करायचं ज्याच्या खात्यात डोमेन आहे त्याने! ओळखीतून त्या डिझायनरचा पत्ता लागला, त्याने नूतनीकरण केलं आणि डोमेन हलवायला लागणारा ऑथ कोड दिला, म्हणून नाव वाचलं. पंधरा वर्षं त्याच नावाने बिलं छापणारे ते गृहस्थ त्या दिवसांत जेवत नव्हते.

म्हणून मी डोमेन गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून, त्यांच्याच ईमेलवर, त्यांच्याच कार्डाने घेतो. ईमेल पडताळणीची लिंकही तिथेच दाबायला लावतो. डॉट कॉमला ती 15 दिवसांत दाबली नाही तर साइट बंद पडू शकते. मावशी तर नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की आधी नूतनीकरणाच्या तारखेभोवती लाल गोल करते आणि मग दुधाचा हिशेब लिहायला घेते.