इंग्रजी स्वरांचा सराव: आधी कान, मग जबडा

इंग्रजी स्पीकिंगच्या पुस्तकांत प्रत्येक शब्दापुढे देवनागरीत उच्चार छापलेला असतो. नव्याने शिकणाऱ्यांनी तो आधी पेनाने खोडून टाकावा. उशीर या अर्थाचा ‘लेट’ आणि करू द्या या अर्थाचा ‘लेट’ देवनागरीत एकसारखे दिसतात. लिहायचा पेन आणि दुखण्याचा ‘पेन’, परीक्षेची टेस्ट आणि चवीचा ‘टेस्ट’ यांचंही तेच. इंग्रजीत हे सगळे वेगळे उच्चार आहेत. ब्रिटिश उच्चारात साधारण 20 स्वर मोजतात, 12 साधे आणि 8 जोडस्वर. ते आपल्या बाराखडीत बसवायला गेलं की दोन-दोन स्वर एकाच मात्रेखाली येतात. इथेही देवनागरीच वापरलीय, म्हणून अर्थ सोबत दिलाय. नेमका उच्चार डिक्शनरीच्या ऑडिओतच ऐका.

‘लेट’पासूनच सुरुवात करा. हनुवटीवर बोट ठेवा. करू द्या अर्थाचा ‘लेट’ म्हणताना जबडा थोडा उघडतो आणि तिथेच राहतो. उशिराचा ‘लेट’ म्हणताना स्वर ए वरून इ कडे सरकतो आणि हनुवटी किंचित वर येते. बोटाला ती हालचाल कळली नाही तर तुम्ही मराठी ‘ए’च म्हणताय. अंगातल्या कोटाचंही असंच. तिथे ओ वरून उ कडे जाताना ओठ आवळत गेले पाहिजेत. आपला ‘ओ’ जागचा हलत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो तो जहाजाच्या ‘शिप’ला आणि मेंढीच्या ‘शीप’ला. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनात पाळतो, बोलताना फारसं पाळत नाही. त्यामुळे फरक ऐकूच येत नाही, आणि जो ऐकू येत नाही तो तोंडातूनही निघत नाही. ‘दुसरा ई लांबवा’ हा नेहमीचा सल्ला अर्धवट आहे. इंग्रजीत ट, प, क च्या आधी स्वर आखडतो आणि ड, ब, ग च्या आधी लांबतो. म्हणून मारणे अर्थाच्या ‘बीट’मधला ई बराच आखडलेला असतो, तर बोली लावण्याच्या ‘बिड’मधला इ लांबलेला. नुसत्या लांबीवर विसंबलात तर इथेच फसाल. खरा फरक जिभेत आहे. ‘शीप’ला जीभ पुढे, वर ताणलेली आणि ओठ फाकलेले. ‘शिप’ला जीभ सैल, जराशी खाली आणि मागे. सराव असा करा: ई धरून ठेवा, मग जीभ हळूहळू सैल करत ए कडे यायला लागा आणि वाटेतच थांबा. भरलेला ‘फुल’ आणि मूर्ख ‘फूल’ यांनाही हीच पद्धत लागू पडते.

मराठवाड्यातल्या मुलांकडे यात एक जमेची बाजू आहे, ती क्वचितच वापरली जाते. नांदेड, बीड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, कुठेही बाजारात उर्दू-हिंदी कानावर पडतच असते. त्या भाषेत दिवसाचा ‘दिन’ आणि धर्माचा ‘दीन’ बोलतानाही वेगळे राहतात. हिंदीतलं ‘और’ आपल्या ‘औषध’सारखं ‘अउ’ होत नाही. त्याचा स्वर इंग्रजी ‘फोर’च्या, म्हणजे चारच्या स्वराजवळ जातो. उर्दू बोलणारा मित्र असेल तर दिन-दीनची जोडी आधी त्याच्याकडून ऐका, मग शिप-शीपकडे वळा.

ब्यांक, म्याच, ग्यास हे उच्चार आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यात स्वराआधी य शिरतो. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवा, जबडा चांगला उघडा आणि जीभ न उचलता ‘ॲ’ म्हणा. य ला जागाच उरत नाही. ‘डाक्टर’ची मात्र लाज बाळगू नका, अमेरिकन उच्चार आ च्या बराच जवळ आहे. पण ब्रिटिश धाटणी धरली असेल तर गरम ‘हॉट’, हृदयाचा ‘हार्ट’ आणि झोपडीचा ‘हट’ तिन्ही वेगळे ठेवावेच लागतील. दोन्ही धाटण्यांची सरमिसळ सुरुवातीला टाळा. ‘इस्कूल’मधला इ घालवायला आधी नुसता स लांबवा, स्स्स्स, आणि त्यालाच ‘कूल’ जोडा.

इंग्रजीत सर्वाधिक येणारा स्वर म्हणजे डिक्शनरीत उलटा e (ə) काढून दाखवतात तो. तो आपल्या ‘अ’ला जवळचा आहे, म्हणजे तोंडाला तयार आहे. अडचण वेगळीच: आपण प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने म्हणतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण ‘फटॉग्रफी’ म्हणताना तो दुसऱ्यावर जातो आणि पहिला ओ विरून अ होतो. ‘प्रॉब्लम’मध्ये ए नाही, ‘व्हेजटेबल’चं खरं ‘वेज्टबल’ होतं. टेबलावर टिचकी मारा, फक्त जोराच्या अक्षराला.

रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण आठवड्याला एकच जोडी घ्या. पहिले काही दिवस बोलायचंच नाही. जोडीदाराने नाणं उडवायचं. छापा आला तर ‘शिप’चा, काटा आला तर ‘शीप’चा ऑडिओ स्क्रीन न दाखवता लावायचा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी त्यासाठी फुकट आहे. जोडीदाराने स्वतः शब्द म्हणू नये, त्याचाही स्वर कच्चाच असतो. तुम्ही फक्त ‘शिप’साठी 1 किंवा ‘शीप’साठी 2 लिहा. वीसपैकी दहा तर अंदाजानेही बरोबर येतात, म्हणून अठरा येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि एकदा डिक्शनरी, एकदा तुम्ही, असं आलटून पालटून ऐका. व्हॉइस टायपिंगवर तपासायचं तर सुटा शब्द बोला. अख्ख्या वाक्यात ते संदर्भावरून ओळखतं आणि तुमची चूक झाकली जाते.

शिप-शीप सुटे जमले की बऱ्याच जणांचा सगळाच इ ताणला जातो: ‘ईट ईज’, ‘धीस’. असं झालं तर जोडी बाजूला ठेवा आणि दोन दिवस फक्त इट, इज, इन, धिस असलेली छोटी वाक्यं म्हणा, जीभ सैल ठेवून.