स्पेस बजेटला कात्री लागली म्हणे? मग बातमी अशी वाचा

बजेट कमी झाल्याची बातमी आली की लगेच 'संपलं सगळं' सुरू होतं. जरा थांबा, आधी बघा आकडा नुसता मागितलेला आहे की मंजूर झालेला. मे 2025 मध्ये व्हाइट हाऊसने नासासाठी 18.8 अब्ज डॉलर सुचवले, चालू बजेटपेक्षा जवळपास 24 टक्के कमी, मी पण घाबरून चार जणांना फॉरवर्ड केलं, पण तिकडे पैसे देते काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, आणि जानेवारी 2026 मध्ये तिने 24.4 अब्जांच्या आसपास मंजूर केले. आपल्याकडे थोडं उलटं असतं, फेब्रुवारीत छापून येतो तो अंदाज आणि कात्री लागते पुढच्या बजेटसोबत येणाऱ्या सुधारित अंदाजात. 2020-21 ला अवकाश विभागासाठी 13,479 कोटी धरलेले, कोविडच्या त्या वर्षात ते 9,500 कोटींवर आले. ही बातमी मात्र फार कोणी वाचत नाही.

मग एकूण आकड्याच्या खालच्या ओळी बघा, कशाला किती ते. नासाच्या त्याच प्रस्तावात एकट्या सायन्सला 47 टक्के कपात होती, आणि गुरूभोवती फिरणारं जुनो, प्लूटोच्याही पुढे गेलेलं न्यू होरायझन्स अशी चालू यानं बंद करायची होती. बांधायचा, उडवायचा मोठा खर्च कधीच होऊन गेलाय, आता लागतात ती डेटा घेणारी माणसं आणि अँटेना, तिथे काटकसर म्हणजे मला तरी कद्रूपणाच वाटतो.

आणि एक हिशोब स्वतः कागदावर मांडाच, वाचणारे पैसे एकीकडे आणि आधी घातलेले दुसरीकडे. चंद्रावर बर्फ शोधायला बनवलेला व्हायपर रोव्हर नासाने जुलै 2024 मध्ये रद्द केला, गाडी जोडून तयार, टेस्टिंग चालू, घातलेले साधारण 45 कोटी डॉलर आणि वाचणार होते किमान 8.4 कोटी! पार्ट काढून दुसरीकडे वापरायची भाषा सुरू झालेली, मग सप्टेंबर 2025 मध्ये तोच रोव्हर ब्लू ओरिजिन या खासगी कंपनीच्या लँडरवरून पाठवायचं ठरलं.

सगळ्यात शेवटी माणसं मोजा, बातमीत हे कुठेतरी तळाशी असतं. 2025 मध्ये नासातल्या 3,800 च्या वर लोकांनी राजीनाम्याची सरकारी ऑफर घेतली. काँग्रेसने पैसे मंजूर केले तोवर त्यातले बरेच जण निघून गेले होते.