खानदेशात गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर संयंत्र बसवताना

साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. खानदेशात उन्हाला तोटा नाही. तरीही घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटचे संयंत्र बसवणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी : पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे.

पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या घटावर (सेलवर) प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि घटातील दोन थरांच्या सीमेवरचे विद्युतक्षेत्र त्यांना एकाच दिशेने लोटते. एका घटातून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून अनेक घट ओळीने जोडून पॅनेल तयार करतात, आणि इन्व्हर्टर त्यातील डीसी विजेचे घरात चालणाऱ्या २३० व्होल्टच्या एसी विजेत रूपांतर करतो. घट तापला की व्होल्टेज उतरते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो तेव्हा पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे क्षमतेचा सातवा-आठवा हिस्सा नुसत्या उष्णतेने जातो.

म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत; खालून वारा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवावीच. स्लॅबवर सांगाडा उंच घेतला तर खालची गच्चीही वापरता येते, मात्र रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारे पावसाळ्यापूर्वीचे वादळ ध्यानात ठेवून त्याचे पाय पक्के रोवून घ्यावेत. धाब्याच्या मातीच्या छतावर हा भार मुळीच टाकू नये. सांगाडा अंगणात वेगळा उभारावा.

तोंड दक्षिणेला, उतार सुमारे २० अंश आणि जागा अंदाजे ३०० चौरस फूट, एवढे पुरते. सावलीची पाहणी मात्र डिसेंबरात करावी, कारण तेव्हा सूर्य दुपारीही जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि मीटरभर कठड्याची सावली तितकीच लांब पडते. घट ओळीने जोडलेले असल्यामुळे टाकीची थोडी सावलीही बाकीच्या पॅनेलांची वीज अडवू शकते.

धूळ पहाटे धुवावी. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास ती तडकू शकते, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग राहतात.

वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे १२ युनिट मिळतात; बारा महिन्यांची बिले त्याच्याशी ताडून पाहावीत. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. घेतलेली आणि तारांत परत दिलेली, अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरचा अर्ज महावितरणकडे जातो.

शेवटी ठेकेदाराशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. लाइन गेली की बॅटरी नसलेले संयंत्र भर दुपारीही बंद होते, कारण त्याची वीज तारांत उतरली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. भारनियमनातही पंखे चालायला हवे असतील तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी सुरुवातीलाच मागून घ्यावी.