इंजिनात पाऊस: कॉम्प्रेसरवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

पावसाचं पाणी जेट इंजिनात शिरलं की कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचं, काय होतं? एम.टेक.च्या प्रोजेक्टला हा विषय मिळाला की बहुतेक जण लगेच सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसतात. मी याच विषयावर काम केलंय, म्हणून सांगतो, आधी कागद-पेन घ्या. हवेच्या वजनाच्या 1 टक्का पाण्याची कॉम्प्रेसरमध्ये पूर्ण वाफ झाली, तर हवा साधारण 24 अंशांनी गार होते. गार हवा दाबायला काम कमी लागतं. म्हणून तर सुरुवातीच्या बोइंग 707 मध्ये टेकऑफला मुद्दाम पाणी फवारायचे.

मग पावसात इंजिन बंद का पडतं? फवारा बारीक असतो, पावसाचा थेंब मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठा. तो हवेबरोबर वळत नाही, ब्लेडवर आपटतो. तिथे पाण्याचा पातळ थर होतो आणि फिरण्याच्या वेगाने केसिंगकडे फेकला जातो. वाफ व्हायला वेळ लागतो, त्यामुळे गारवा येतो तो मागच्या स्टेजेसना (स्टेज म्हणजे फिरत्या आणि स्थिर ब्लेडांची एक जोडी). पुढच्या स्टेजेस चोककडे (याहून जास्त हवा जाऊच शकत नाही अशी स्थिती) सरकतात, मागच्या स्टॉलकडे (हवा ब्लेडपासून सुटते ती स्थिती). वाफ न झालेलं पाणी थेट कम्बस्टरमध्ये, म्हणजे इंधन जळतं तिथे.

सगळ्यात वाईट वेळ टेकऑफची नाही, उतरतानाची. थ्रॉटल आयडलवर, म्हणजे इंजिन सगळ्यात कमी जोरावर असताना इंजिनाला हवा थोडीच लागते, उरलेली तोंडाशीच बाजूने निघून जाते. थेंब मात्र जड, ते सरळ आत घुसतात. त्यात फॅनही (इंजिनाचा पुढचा मोठा पंखा) हळू फिरत असतो, पाणी बाहेरच्या बायपासकडे (कॉम्प्रेसरला वळसा घालून जाणाऱ्या हवेच्या वाटेकडे) ढकलायला तो कमी पडतो. ढगातलं पाण्याचं प्रमाण तसंच्या तसं इनपुटला टाकलंत, तर उत्तर फसवं सुरक्षित येईल.

शोधनिबंधांच्या आधी अपघात वाचा. 16 जानेवारी 2002 ला गरुडा इंडोनेशियाचं 737-300 योग्यकर्ताकडे उतरताना पाऊस-गारांच्या वादळात शिरलं, तेही आयडलवर. दोन्ही इंजिनं विझली, पुन्हा पेटली नाहीत. वैमानिकांनी विमान बेंगावान सोलो नदीत उतरवलं. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. 1988 च्या टाका 110 चं प्रकरणही काढा, टाका एअरलाइन्सच्या 737-300 चं. त्यानंतर सीएफएम56-3 च्या (737-300 चं इंजिन) स्पिनरचा, म्हणजे फॅनच्या मधल्या टोकदार टोपीचा, आकार बदलला, तो का, हे मुलाखतीत विचारण्याजोगं आहे!

पुढे स्वतःचा मीनलाइन कोड (ब्लेडच्या मधल्या उंचीवरच प्रवाह मोजणारा साधा प्रोग्रॅम) लिहा, एकेक स्टेज करत. आधी फक्त वाफेचा गारवा घाला, थेंबांची टक्कर नंतर. सीएफडी त्याच्याही नंतर, आणि तिथे सगळ्या थेंबांना एकच आकार देऊ नका. ब्लेडच्या मागच्या कडेवरून सुटणारे थेंब आत आलेल्या थेंबांसारखे नसतात.